सासूबाईंची सहाण आणि डब्लिनमधलं बाळ

डब्लिनहून एका बाळंतिणीचं पत्र आलंय. बाळ दोन महिन्यांचं. सासूबाई नगरहून सहाण आणि गुटीचा डबा घेऊन आल्यात. अंघोळीनंतर रोज गुटी हवीच, असा त्यांचा हट्ट. नर्स म्हणते, सहा महिने दुधाशिवाय काही नाही. ‘मी कुणाचं ऐकू?’

नर्सचं ऐका. पण त्याआधी एकदा सासूबाईंच्या शेजारी बसून तो डबा उघडा. हिरडा, बेहडा, हळकुंड, सुंठ, वेखंड, जायफळ, मुरडशेंग, अतिविष, काकडशिंगी, ज्येष्ठमध, खारीक, बदाम. माझ्या आईच्या डब्यातलं जायफळ तीन नातवंडांनंतर झिजून चंद्रकोरीसारखं झालं होतं. सहाणेवर आईच्या दुधाचे चार थेंब टाकायचे आणि एकेक मुळी त्यात फिरवायची. एक पूर्ण फेरा म्हणजे एक वेढा. पोट दुखत असेल तर मुरडशेंगेचे वेढे जास्त, शी घट्ट असेल तर बाळहिरड्याचे, झोप नसेल तर जायफळाचे. औषध रोज बाळाकडे बघून ठरायचं. ही अडाणी रीत नव्हे, तिच्यात बारकाईची नजर होती.

अडचण अशी की वेढा हे काही माप नाही. हात जड पडला की मात्रा दुप्पट. जायफळ जास्त झालं तर ‘कसं शांत झोपलंय’ म्हणतो ते बाळ गुंगीत असू शकतं. वेखंडात बीटा-असरोन नावाचं द्रव्य असतं आणि आपल्याकडच्या वेखंडात ते भरपूर असतं. प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये त्यानं गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेत १९६८ पासून खाण्याच्या पदार्थांत वेखंड घालायला बंदी आहे. आणि गुटी मधात कालवत असाल तर ते आजच थांबवा. मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, होऊ शकतो. एक वर्ष पुरं होईपर्यंत मधाचं बोटसुद्धा नको.

सासूबाईंना पटवायला एक मुद्दा आयुर्वेदातलाच देते. काश्यपसंहिता या बालरोगांवरच्या जुन्या ग्रंथात बाळाच्या चाटणावर लेहाध्याय नावाचा अख्खा अध्याय आहे. चाटण कुणाला द्यावं, तसंच कुणाला देऊ नये, हेही त्यात सांगितलंय. सरसकट सगळ्यांना, असं शास्त्रही म्हणत नाही. हे बोलणं मात्र नवऱ्यानं करावं. सुनेनं केलं की त्याचा विषयच बदलतो.

गावाहून कुणाच्या बॅगेतून आलेल्या पुड्या आणि गोळ्या ही वेगळी गोष्ट. मुळी ओळखता येते, पुडीत काय आहे ते कळत नाही. बोस्टन परिसरातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. २००४ सालचा हा अभ्यास. भस्मांमध्ये तर धातू मुद्दामच घातलेले असतात. अशी पुडी बाळाला नाही, आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नाही.

मग सासूबाईंनी करायचं काय? मालिश. कोमट तेलानं, हलक्या हातानं, त्यांच्यासारखं तुम्हाला जमणार नाही. तुमच्यासाठी आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, जेवणानंतर बाळंतशेपा. ओव्या-वावडिंगाची धुरी तेवढी नको. धूर बाळाच्या छातीला वाईट, शिवाय अलार्म वाजून अख्खी इमारत रस्त्यावर येईल ते निराळंच.

आणि सहाण परत पाठवू नका. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं की डॉक्टरांना विचारून त्याच सहाणेवर खारीक आणि बदाम उगाळता येतील. दर वेळी ती उकळत्या पाण्यानं धुवा आणि पूर्ण कोरडी करून ठेवा. डब्लिनच्या उन्हावर विसंबून राहू नका.