होस्ट्स.अलाउ आणि होस्ट्स.डिनाय : नकाराचा माग काढताना

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सर्व्हरवर बाहेरगावच्या सहकाऱ्यांना एसएसएचने (दुरून सुरक्षित लॉगिन करण्याच्या पद्धतीने) प्रवेश मिळत नाही, होस्ट्स.अलाउ या, कोणाला आत घ्यायचे ते लिहायच्या फाइलमध्ये त्यांच्या नेटवर्कचा नियम लिहूनही मिळत नाही, आणि म्हणून आता होस्ट्स.डिनाय, म्हणजे कोणाला अडवायचे ते लिहायची फाइल, सरळ रिकामी करून पाहावी का, असे तू विचारले आहेस. तसे करू नकोस. नकार नेमका त्या फाइलनेच दिला आहे, हे तुझ्या पत्रावरून सिद्ध होत नाही. आणि ज्याने नकार दिलाच नाही त्याचे नियम काढून टाकले, तर अडचण आहे तिथेच राहते आणि सर्व्हर मात्र उघडा पडतो.

पहिले काम म्हणजे सहकाऱ्यांच्या पडद्यावर कोणता संदेश आला, तो शब्दशः मागवून घेणे. ‘लागत नाही’ हे वर्णन उपयोगाचे नाही. बराच वेळ थांबून ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ आले, तर पॅकेट वाटेतच कोणीतरी गिळले आहे, बहुधा फायरवॉलने. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ लगेच आले, तर त्या पोर्टवर कोणी ऐकतच नाही किंवा फायरवॉलने तसे उत्तर पाठवले आहे. ‘नो रूट टू होस्ट’ वाचून लोक राउटिंगच्या मागे लागतात, पण रेड हॅट घराण्यातील सर्व्हरवर तो पुष्कळदा फायरवॉलडीने, म्हणजे तिथल्या फायरवॉल सेवेने, दिलेला नकार असतो. ‘परमिशन डिनाइड’ आले, तर पाहुणा दारातून आत आलेला आहे आणि अडचण पासवर्डची, किल्लीची किंवा एसएसएचच्या स्वतःच्या नियमांची आहे. या चारही प्रसंगी तुझ्या त्या दोन फाइली निर्दोष आहेत. त्यांचा नकार वेगळा दिसतो: जोडणी होते, आणि एकमेकांची ओळख पटवण्याची पहिली ओळ येण्याआधीच ती तुटते. त्या वेळी ‘एसएसएच एक्स्चेंज आयडेंटिफिकेशन’ किंवा नव्या आवृत्तीत ‘केक्स एक्स्चेंज आयडेंटिफिकेशन’ असे म्हणून ‘कनेक्शन क्लोज्ड बाय रिमोट होस्ट’ हा मजकूर दिसतो. तरीही घाई नको, कारण एकाच वेळी फार जण लॉगिनच्या उंबरठ्यावर असतील, तर मॅक्सस्टार्टअप्स या मर्यादेमुळे एसएसएच सर्व्हर स्वतःही अशीच जोडणी तोडतो. निकाल लॉगमध्ये मिळेल. डेबियनवर ऑथ.लॉग आणि रेड हॅटवर सिक्युअर या लॉगमध्ये ‘रिफ्यूज्ड कनेक्ट फ्रॉम’ अशी ओळ त्या पत्त्यासह असेल, तर नकार या फाइलींचाच आहे.

दुसरा प्रश्न याहूनही मूलभूत आहे आणि तोच बहुतेक जण विचारत नाहीत: या फाइली तुझ्या सर्व्हरवर कोणी वाचते का? त्या कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, वाचत नाही. ज्या सेवेत लिबरॅप ही लायब्ररी (प्रोग्रॅमांनी वापरायचा तयार कोड) जोडलेली असते, तीच सेवा त्या वाचते. ही व्यवस्था, म्हणजे टीसीपी रॅपर्स, वीत्सा वेनेमा यांनी १९९० साली नेदरलँड्समधील आइंडहोव्हनच्या तंत्रज्ञान विद्यापीठात लिहिली. तिथल्या युनिक्स यंत्रांत एक घुसखोर वारंवार शिरत होता आणि तो येतो कुठून याची नोंद ठेवणे हा मूळ हेतू होता. अडवणे हे त्याला जोडून आले. शेवटची मूळ आवृत्ती, ७.६, १९९७ सालची आहे. (तिच्याच वितरण-फाइलीत जानेवारी १९९९ मध्ये कोणीतरी चोरदरवाजा घातला होता, आणि ४२१ क्रमांकाच्या पोर्टवरून येणाऱ्याला रूटचे, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याचे, अधिकार मिळत होते. पहारेकऱ्याच्या सामानाचीही सही तपासावी लागते ती यासाठी.) पुढे ओपनएसएसएचने ऑक्टोबर २०१४ च्या ६.७ आवृत्तीत या लायब्ररीचा आधार काढून टाकला. डेबियनने स्वतःचा पॅच लावून तो पुढेही अनेक वर्षे जिवंत ठेवला. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या ७ व्या आवृत्तीत तो होता, आणि २०१९ च्या ८ व्या आवृत्तीतून तो संपूर्ण पॅकेजसह गेला.

म्हणून एलडीडी ही, प्रोग्रॅम कोणत्या लायब्ररी वापरतो ते दाखवणारी आज्ञा एसएसएचडीच्या, म्हणजे एसएसएच सर्व्हरच्या, प्रोग्रॅम-फाइलवर चालव आणि उत्तरात लिबरॅप हे नाव येते का ते पाहा. ओपनएसएसएचच्या ९.८ आवृत्तीपासून जोडणी हाताळण्याचे काम एसएसएचडी-सेशन या वेगळ्या प्रोग्रॅमकडे गेले आहे, तेव्हा सर्व्हर तितका नवा असेल तर तोही तपास. नाव आले नाही, तर होस्ट्स.अलाउमध्ये तू काहीही लिहिलेस तरी ते कागदावरच राहणार. यातला खरा धोका तुझ्या तक्रारीच्या उलट बाजूला आहे. जुन्या सर्व्हरवरून नव्यावर जाताना एटसी ही सेटिंगच्या फाइलींची डिरेक्टरी जशीच्या तशी उचलून आणली, होस्ट्स.डिनायमध्ये ‘ऑल : ऑल’ (सर्व सेवा सर्वांना बंद) पाहून सर्वांना हायसे वाटले, आणि प्रत्यक्षात ती फाइल वाचणारे कोणी उरलेलेच नाही, अशी स्थिती सहज होते. ज्याला प्रवेश नाकारला जातो तो दूरध्वनी करून तक्रार करतो; ज्याला प्रवेश मिळायला नको होता आणि मिळाला, तो कधीच तक्रार करत नाही.

लिबरॅप आहे असे ठरले, की मग फाइली त्या लायब्ररीच्या नजरेने वाच. आधी होस्ट्स.अलाउ वरून खाली वाचली जाते आणि पहिला जुळणारा नियम सापडताच तपास तिथेच थांबतो. त्याखालच्या ओळी कोणी पाहत नाही. तिथे काही जुळले नाही, तर होस्ट्स.डिनाय त्याच पद्धतीने वाचली जाते. दोन्हींत काहीच जुळले नाही, तर प्रवेश दिला जातो. फाइल नसणे आणि फाइल रिकामी असणे यांत फरक नाही. आता याचा एक परिणाम लक्षात घे. फाइल आहे, पण परवानग्या चुकल्यामुळे ती सेवेला उघडता येत नाही, तरीही लॉगमध्ये ‘कॅनॉट ओपन’ असा इशारा लिहून लायब्ररी पुढे जाते, जणू त्या फाइलीत काही जुळलेच नाही. होस्ट्स.डिनायमध्ये सर्वांना बंदी असताना होस्ट्स.अलाउच्या बाबतीत असे झाले, तर सगळेच अडतात आणि ते लगेच कळते. होस्ट्स.डिनायच्या बाबतीत झाले, तर सगळेच आत येतात. रूट म्हणून चालणाऱ्या सेवेला हा त्रास सहसा होत नाही, पण रूटचे अधिकार सोडून चालणाऱ्या सेवा असतात. म्हणून या दोन फाइलींची परवानगी ६४४ असावी, म्हणजे त्या सर्वांना वाचता येतील आणि बदलता फक्त मालकाला येतील. त्यांत गुपित असे काही नसते, तेव्हा ती ६००, म्हणजे फक्त मालकापुरती, करण्यात शहाणपण नाही. एसई-लिनक्स ही जादा सुरक्षा-व्यवस्था चालू असेल आणि फाइल घरच्या डिरेक्टरीत लिहून मग हलवली असेल, तर रिस्टोरकॉन चालवून तिचे लेबलही पूर्ववत कर.

तू पाठवलेल्या नियमात मला दोन गोष्टी खटकल्या. सेवेच्या जागी तू ‘एसएसएच’ लिहिले आहेस. तिथे प्रक्रियेचे नाव हवे, म्हणजे शेवटी ‘डी’ असलेले ‘एसएसएचडी’; प्रोटोकॉलचे नाव तिथे चालत नाही आणि चुकल्याचा कोणी निरोपही देत नाही, कारण त्या नावाचीही एखादी सेवा असू शकते असेच लायब्ररी समजते. दुसरे म्हणजे नेटवर्क लिहिताना तू ‘१९२.१६८.५’ इथे थांबली आहेस. शेवटी टिंब असेल तरच तो उपसर्ग मानला जातो आणि त्या नेटवर्कमधील सर्व पत्ते जुळतात. टिंब नसेल तर तो एखाद्या यंत्राचे पूर्ण नाव किंवा पत्ता समजला जातो आणि कशाशीच जुळत नाही. डोमेनच्या नावाचे याच्या उलट आहे, तिथे टिंब सुरुवातीला हवे. तिरकी रेघ देऊन नेटवर्क लिहायचे असेल, तर तिच्यापुढे मास्क पूर्ण लिही, म्हणजे ‘/२५५.२५५.२५५.०’. ‘/२४’ असे आखूड रूप डेबियनवर चालते, पण मूळ आवृत्तीत ते नव्हते, त्यामुळे एका यंत्रावर चालणारा नियम दुसऱ्यावर मुका राहू शकतो. आयपीव्ही६ पत्ता मात्र चौकटी कंसातच लिहावा लागतो, नाहीतर त्यातल्या विसर्गचिन्हांनी (:) नियमाचे तुकडे पडतात.

फाइलीची शेवटची ओळ एंटर देऊन संपलेली असावी. नसली तर लॉगमध्ये ‘मिसिंग न्यूलाइन ऑर लाइन टू लाँग’ अशी नोंद येते. टिप्पणीचे चिन्ह ओळीच्या आरंभीच चालते, नियमाच्या पुढे शेरा मारायची सवय इथे अंगाशी येते. ‘लोकल’ या शब्दाचा अर्थ आपले नेटवर्क असा नाही. ज्या यंत्राच्या नावात टिंब नाही ते यंत्र, इतकाच त्याचा अर्थ आहे. ‘एक्सेप्ट’ (म्हणजे ‘वगळून’) एकाच नियमात दोनदा आले, तर उजवीकडची जोडी आधी बांधली जाते, आणि अशा ओळीचा अर्थ तोंडाने सांगता आला नाही तर ती मोडून दोन ओळी करणे बरे. आणखी एक गोष्ट नवख्यांना हमखास चकवते: होस्ट्स.अलाउच्या ओळीला तिसरा विसर्ग-विभाग जोडून त्यात ‘डिनाय’ लिहिता येते. काही प्रशासक सगळे नियम एकाच फाइलीत ठेवतात आणि शेवटी ‘ऑल : ऑल : डिनाय’ लिहितात. अशा सर्व्हरवर होस्ट्स.डिनाय रिकामी केली तरी काडीचाही फरक पडत नाही. तू ती रिकामी करायला निघाली होतीस, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

नियम निर्दोष असूनही अडत असेल, तर सहकारी सर्व्हरला कोणत्या पत्त्यावरून दिसतात ते पाहा. त्यांच्या लॅपटॉपवरचा पत्ता हा सर्व्हरला दिसणारा पत्ता नव्हे. मध्ये नॅट करणारा, म्हणजे अनेक यंत्रांना एकाच पत्त्यामागे ठेवणारा, राउटर किंवा व्हीपीएन असेल, तर सर्व्हरपर्यंत त्याचाच पत्ता पोहोचतो. आपल्याकडे आणखी एक कारण नेहमीचे झाले आहे. जिओच्या मोबाइल जोडणीवर आयपीव्ही६ मिळते, आणि तुझ्या सर्व्हरच्या नावाला आयपीव्ही६ नोंद असेल, तर फोनचा हॉटस्पॉट वापरणारा सहकारी त्याच वाटेने येतो. तुझे नियम मात्र फक्त आयपीव्ही४ चे लिहिलेले असतात. म्हणून पत्ता विचारण्यापेक्षा लॉगमधून उचल. नावांवर आधारलेले नियम मला मुळातच आवडत नाहीत. ते लागू होण्यासाठी पत्त्यावरून नाव आणि नावावरून पुन्हा तोच पत्ता मिळावा लागतो. ही शोधाशोध करणारी डीएनएस सेवा मंद असेल तर प्रत्येक लॉगिन रेंगाळते, आणि पत्त्यावरून नाव देणारी उलटी नोंद दुसऱ्या कोणाच्या ताब्यात असेल तर तुझा नियमही त्याच्या मर्जीवर राहतो. आरपीसीबाइंडसाठी (आरपीसी सेवा कोणत्या पोर्टवर आहेत ते सांगणाऱ्या सेवेसाठी) तर नावे वापरूच नयेत, कारण नाव शोधण्याच्या प्रयत्नात सेवा स्वतःच्याच उत्तराची वाट पाहत अडकू शकते.

नियमांचा निकाल प्रत्यक्ष जोडणी न करता पाहायचा असेल, तर टीसीपीडीमॅच वापर: सेवेचे नाव आणि पाहुण्याचा पत्ता दिला, की कोणत्या फाइलीतल्या कोणत्या ओळीने होकार किंवा नकार दिला ते ते सांगते. आयनेटडीच्या (इतर सेवा गरजेनुसार सुरू करणाऱ्या जुन्या सेवेच्या) फाइलीत सेवा सापडत नाही अशी कुरकुर ते करेल, तिकडे दुर्लक्ष केलेस तरी चालेल. मात्र ते नियमांचा अर्थ सांगते. सेवा ते नियम पाळते का, हे ते सांगत नाही. त्यासाठी एलडीडीच.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यावर मी थोडा थांबलो: एका सहकाऱ्याला सकाळी प्रवेश मिळत होता आणि दुपारी मिळेनासा झाला, आणि फाइल कोणी बदलली नव्हती. माणसाने बदलली नसेल. डिनायहोस्ट्स हा प्रोग्रॅम लॉगमधील चुकलेले पासवर्ड मोजतो आणि मर्यादा ओलांडणाऱ्याचा पत्ता स्वतःच होस्ट्स.डिनायमध्ये लिहितो, फेल२बॅनलाही तसे करायला सांगता येते. एकाच नॅटमागे बसलेल्या दहा जणांपैकी एकाने पासवर्ड चुकवला, की सगळेच बाहेर. नुसती ती ओळ खोडून भागत नाही, कारण डिनायहोस्ट्सची स्वतःची नोंदवही व्हार डिरेक्टरीखाली लिबमध्ये असते आणि तिच्यावरून तो पत्ता पुन्हा लिहिला जातो. आधी सेवा थांबव, दोन्हीकडची नोंद काढ, खात्रीचे पत्ते त्याच्या परवानगी-यादीत घाल, मग सेवा सुरू कर.

बदल करताना चालू असलेले सत्र बंद करू नकोस. तपासणी जोडणीच्या आरंभीच होते, त्यामुळे आधीचे सत्र नव्या नियमाने तुटत नाही, आणि प्रत्येक नव्या जोडणीला फाइल नव्याने वाचली जात असल्यामुळे सेवा पुन्हा सुरू करण्याचीही गरज नाही. दुसऱ्या खिडकीतून नवी जोडणी करून पाहा. ती लागली, की मगच पहिली सोड. सर्व्हर दूर असेल आणि कन्सोल हाताशी नसेल, तर जुन्या फाइलीची प्रत ठेवून दहा मिनिटांनी ती परत जागेवर आणणारे काम ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या ‘अ‍ॅट’कडे नोंदवून ठेव, आणि सारे ठीक झाल्यावर ते रद्द कर. ‘ऑल : ऑल’ लिहिण्याआधी १२७.०.०.१ आणि त्याच्या आयपीव्ही६ जुळ्याला होस्ट्स.अलाउमध्ये जागा दे, कारण सर्व्हरवरच्या काही सेवा स्वतःशीच बोलतात.

एलडीडीत लिबरॅप आलेच नाही, तर हे सगळे नियम एनएफटेबल्स किंवा फायरवॉलडी या फायरवॉलमध्ये उतरवून घे. कोणत्या वापरकर्त्याने कुठून यावे इतका बारकावा हवा असेल, तर एसएसएचडीच्या कॉन्फिगमध्ये ‘मॅच अ‍ॅड्रेस’ आहे, आणि सर्व्हरवरच्या सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीच्या २३५ व्या आवृत्तीपासून सेवेच्या युनिट-फाइलीतही आयपी पत्त्यांची परवानगी-बंदी लिहिता येते. जुन्या दोन फाइली मग तशाच पडू देऊ नकोस. त्यांच्या पहिल्या ओळीत ‘या सर्व्हरवर ही फाइल कोणी वाचत नाही, नियम फायरवॉलमध्ये आहेत’ अशी टिप्पणी लिही.

आता मला तीन गोष्टी पाठव: सहकाऱ्याच्या पडद्यावरचा संदेश, त्याच क्षणीच्या लॉगमधल्या ओळी, आणि एलडीडीचे उत्तर. होस्ट्स.डिनायला तोवर हात लावू नकोस.

तुझा हितचिंतक