बिनदारूची बियर, वाईन एवढी महाग का? दारूचा टॅक्स तर नसतो ना तिच्यावर?

तुम्ही विचारलंय की दारूच नाही, एक्साईज नाही, मग 330 मिलीच्या कॅनला शंभराच्या आसपास कशाला मोजायचे. हाच प्रश्न मला दोन वर्षांमागं बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका दुकानात फ्रीजसमोर उभारल्यावर पडला होता. डॉक्टरांनी फॅटी लिव्हर सांगून पिणं बंद करायला लावलेलं, आणि उद्यमबागेतल्या फाउंड्रीतली शनिवारची शिफ्ट सुटल्यावर दोस्तलोकं बसतात तिथं मी एकटाच पाण्याचा ग्लास धरून, म्हटलं निदान हातात डबा तरी बियरचा असू दे.

तर त्यावेळी मी लई हुशारी केली. आमच्याकडं बेळगावात लहान पोराला पण माहीत असतंय की गोव्यात बियर स्वस्त. पणजीला काम होतंच, येताना 0.0 चा, म्हणजे शून्य अल्कोहोलवाल्या बियरचा, अख्खा बॉक्स डिकीत टाकला, दर न बघताच. चोर्ला घाटातून येताना नाक्यावर गाडी थांबवली, डिकी उघडायला लावली, बियरचे डबे बघून त्या माणसाचा चेहराच बदलला. "इदराग एनैत्री?" म्हणजे यात काय आहे हो? मी म्हटलं काही नाही हो साहेब, झिरो आहे. तो म्हणतोय झिरो आहे तर मग बियरच्या डब्यात कशाला? बरोबरच आहे की त्याचं! शेवटी दुसऱ्यानं डब्यावरचा आकडा वाचला, हसला आणि जावा म्हटला. घरी येऊन बिल बघतोय तर एमआरपी तीच, बेळगावातली. एक रुपया वाचला नाही.

आणि वाचणार पण नव्हता. खरी दारू जीएसटीच्या बाहेर आहे, तिच्यावर प्रत्येक राज्य आपापली एक्साईज लावतंय, म्हणून तर घाट उतरला की दर बदलतोय. कर्नाटकात बियरवरची जादा एक्साईज 2023 च्या बजेटात 175 वरून 185 टक्के केली, पुढं अजून वाढवली. म्हणजे खऱ्या बियरच्या बाटलीत निम्म्याच्या वर पैसे सरकारचेच. 0.0 मात्र कोल्ड्रिंकच्या खात्यात येते, तिला जीएसटी, आणि तो बेळगाव, पणजी, महाराष्ट्रातली शिनोळी सगळीकडं एकच. आधी 18 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 40 झालाय. तेव्हा टॅक्स नसतो हे म्हणणं आता तरी सोडा.

खरं नुसत्या टॅक्सनं एवढी महाग होत नाही. चांगली 0.0 म्हणजे आधी खरीखुरी बियर बनवायची, माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव), हॉप्स (कडू चवीची फुलं), यीस्ट, टाकीत दिवस घालवायचे, आणि मग त्यातलं अल्कोहोल परत काढायचं. अल्कोहोल एरवी 78 डिग्रीला उकळतंय, तेवढं तापवलं तर बियरचा काढा होईल, म्हणून व्हॅक्यूम करून कमी तापमानावर उडवतात नाहीतर बारीक पडद्यातून प्रेशरनं गाळतात, घरच्या आरओसारखंच. त्यात वास पण उडून जातो, तो परत आणायचा. वर अल्कोहोल नसल्यानं माल लवकर खराब होतो, तर पाश्चराईज करा. एक काम करून तेच उलटं करायचं, आमच्या फाउंड्रीत कास्टिंग ओतून परत वितळवल्यासारखं, दोन्हीची मजुरी गिऱ्हाईक देणार.

काही स्वस्तातल्या बाटल्यांत हे काहीच नसतंय हां, माल्टचं पाणी, साखर, गॅस आणि फ्लेवर. आंबवलेलंच नसतंय. मागचं लेबल वाचा, साखर वरच्या दोन-तीन नावांत असेल तर ते कोल्ड्रिंकच, त्याला बियरचा दर देऊ नका. तुम्हाला शुगरचा आजार असेल तर मग हातच लावू नका.

वाईनचं आणखी अवघड. जर्मनीत शंभराहून जास्त वर्षं झाली वाईनमधनं अल्कोहोल काढतात, पण गणित तेच, शंभर लिटर वाईनमधलं 12-13 लिटर अल्कोहोलच असतं, ते गेलं की तेवढा माल कमी. द्राक्षं मात्र पूर्ण लागली. आपल्याकडं येणारी बरीचशी बाहेरची, मग काचेची बाटली, जहाज, ड्यूटी. एकदा पुण्याहून भाच्यानं आणलेली, मला तर द्राक्षाच्या रसात चिंच पिळल्यासारखी लागली. आवडणारी लोकं असतील.

आणि बिनदारूची जिन, व्हिस्की? ते प्रकरण 2015 ला इंग्लंडात सीडलिप नावाच्या कंपनीनं गाजवलं, तिथं पण दर खऱ्या जिनच्या बरोबरीनं. झाडपाल्याचा अर्क काढतात, मेहनत आहे, नाही म्हणत नाही. पण खरी जिन उघडून वर्षभर कपाटात ठेवली तरी काही होत नाही, ही दोन-तीन महिन्यांत संपवायला लागते. व्हिस्कीवाल्यात घसा जळावा म्हणून मिरची-आल्याचा अर्क घालतात, त्याला हजार-दोन हजार द्यायचे तर त्यापेक्षा आल्याचा चहा घ्या की.

अजून एक, खप. खऱ्या बियरचे ट्रक कर्नाटकात सरकारी बेव्हरेजेस कॉर्पोरेशनच्या गोदामातनं दुकानात जातात, माल भराभर हलतो. 0.0 चे चार डबे किराण्याच्या फ्रीजमधला कोपरा अडवून महिनाभर बसतात, दुकानदार त्या कोपऱ्याचं भाडं मार्जिनमधनं काढणारच. हॉटेलात तर दुप्पट लावतात, तिथं मागवूच नका.

माझं आता असं आहे, शनिवारी एकच कॅन, तो पण 0.0 लिहिलेलाच, कारण 0.5 टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलं तरी आपल्याकडच्या नियमात त्याला दारू म्हणत नाहीत. तो संपला की कोकम सोडा मीठ घालून. दोस्तांनी चिडवायचं कधीच सोडलंय, उलट परवा एकजण म्हटला, गाडी चालवायचीय, तुझ्यातला एक दे.