रात्रीच्या फोटोतले रंगीत ठिपके : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

लग्नसराई आणि जत्रांचा सीझन सुरू झाला की माझ्याकडे एकाच जातीचे प्रश्न यायला लागतात. फोटो रात्रीचा असतो, आयएसओ (फोटो किती उजळ नोंदवायचा ते कॅमेऱ्यातलं सेटिंग) बराच वर गेलेला असतो आणि अंधाऱ्या भागात लाल, हिरवे, जांभळे ठिपके असतात. शब्द वेगळे पण गोंधळ तोच, म्हणून यावेळी सगळे एकत्र घेतलेत, प्रश्न जरा आवरून लिहिलेत.

प्रश्न (सांगली) : सगळे नॉइज नॉइज म्हणतात. कलर नॉइज म्हणजे नक्की कुठला? दाणे दिसले की तो नॉइजच ना?

उत्तर : नॉइज म्हणजे फोटोत नको असताना येणारे दाणे-ठिपके, आणि त्याचे दोन प्रकार आहेत. शेजारशेजारच्या पिक्सेलमध्ये फक्त उजेड कमी-जास्त होत असेल तर तो ल्युमिनन्स नॉइज, तो जुन्या फिल्मच्या ग्रेनसारखा दिसतो आणि डोळ्याला फार खुपत नाही. रंगच बदलत असेल, म्हणजे काळ्या कोटावर लाल-हिरवे कण, केसांत जांभळट डाग, तर तो कलर नॉइज. फोटो १०० टक्क्यांवर झूम करा आणि अंधारा भाग बघा, कळेल. आपला डोळा रंगाचा बारीक तपशील फारसा पकडत नाही, त्यामुळे रंगीत ठिपके पुसले तरी फोटो मऊ पडल्यासारखा वाटत नाही, पण दाणे पुसायला गेलात की पापण्या, केस, कापडाची वीण सगळंच जातं. म्हणून आधी कलर, मग खरंच गरज असेल तर ल्युमिनन्स, आणि शार्पनिंग, म्हणजे कडा ठळक करणं, त्यानंतर.

प्रश्न (नाशिक) : लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कलर नॉइज कमी करायचा 'कलर' स्लायडर आधीच २५ वर असतो. तो १०० केला तर काय बिघडतं? एका व्हिडिओत सांगितलंय की बिनधास्त पूर्ण ओढा.

उत्तर : व्हिडिओवाल्याने पैठणी नेसलेल्या नवरीचा फोटो उघडला नसावा. रॉ फाईल (कॅमेऱ्याने सफाई न केलेला कच्चा डेटा) उघडली की २५ आपोआप लागलेलं असतं आणि बहुतेक फोटोंना तेवढं पुरतं, जेपेगला, म्हणजे कॅमेऱ्यातून तयार होऊन येणाऱ्या नेहमीच्या फोटोला, मात्र ० असतं कारण कॅमेऱ्याने त्याची सफाई आधीच केलेली असते. १०० वर गेलात की सॉफ्टवेअर बारीक रंगालाही नॉइज समजायला लागतं. मग काय होतं, हिरव्या चुड्याचा रंग मनगटाच्या कातडीवर उतरतो, कपाळावरच्या बारीक कुंकवाची कड फिकट होते आणि जरीच्या काठातले लाल-हिरवे धागे एकाच तपकिरी पट्टीत मिसळून जातात. दूरून फोटो स्वच्छ दिसतो, अल्बममध्ये मोठा छापला की नवरीची आई बरोबर तिथेच बोट ठेवते.

असं करा, स्लायडर आधी ० वर न्या, ठिपके नीट बघून घ्या, मग हळूहळू वाढवा आणि ठिपके गेले त्या आकड्यावर थांबा, बऱ्याचदा २५ ते ४० च्या मध्येच काम होतं. खाली डिटेल नावाचा स्लायडर आहे तो वाढवला की बारीक रंगीत कडा टिकतात पण काही ठिपकेही परत येतात, कमी केला की ठिपके जातात पण रंग सांडतो. आणि बारीक कण नसून भिंतीवर ओल आल्यासारखे मोठे रंगीत डाग असतील तर स्मूदनेस वाढवा, कलर नाही. एका फोटोची सेटिंग अख्ख्या लग्नाला कॉपी करू नका, मांडवातला उजेड आणि वरातीतला उजेड सारखा नसतो. अल्बमचं काम असेल तर दोन-तीन फोटो एखाद्या अनुभवी रिटचरला दाखवून मगच बाकीचे करा.

प्रश्न (कल्याण) : कॅमेऱ्यात हाय आयएसओ नॉइज रिडक्शन ऑन ठेवू का? मी रॉ काढतो.

उत्तर : ते साधारणपणे जेपेगवरच लागतं, रॉमधल्या डेटाला हात लावत नाही, तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल एकदा बघून घ्या.

प्रश्न (सातारा) : गावच्या जत्रेत रात्री दिवट्यांच्या उजेडात पालखीचे फोटो काढले. आमच्या ग्रुपमध्ये सीनियर लोक सांगतात १६०० च्या वर आयएसओ न्यायचाच नाही, नॉइज येतो. म्हणून १६०० वरच ठेवला, फोटो अंधारे आले, घरी येऊन तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजळ) उजळवले तर सगळीकडे निळे-जांभळे डाग. सॉफ्टवेअर कुठलं वापरू?

उत्तर : सॉफ्टवेअरचं नंतर बघू. हा १६०० चा नियम कोणी आणि कधी केला मला माहीत नाही, पण दर सीझनला कोणीतरी तो ऐकतो आणि चांगले फोटो वाया घालवतो, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं कारण पालखी वर्षातून एकदाच निघते.

नॉइज आयएसओच्या आकड्यातून येत नाही, तो कमी उजेडातून येतो. प्रकाश कणाकणाने येतो आणि ते कण एका लयीत येत नाहीत. एका पिक्सेलवर १०,००० कण पडले तर वर-खाली साधारण १०० चा फरक पडतो, म्हणजे १ टक्का. १०० च कण पडले तर फरक १० चा, म्हणजे १० टक्के. अंधारात कॅमेऱ्यावर कणच थोडे पडतात म्हणून तिथे चढउतार डोळ्याला दिसतो. आता तुमच्या फोटोत किती उजेड शिरला हे ठरवलं शटरने (ते किती वेळ उघडं राहतं) आणि अॅपर्चरने (लेन्समधलं भोक किती मोठं). आयएसओ १६०० ठेवून तीन स्टॉप उजळवला काय आणि तेच शटर, तेच अॅपर्चर ठेवून सरळ १२८०० वर काढला काय, आत आलेला उजेड तेवढाच होता. म्हणजे १६०० वर अडून तुम्ही काहीच वाचवलं नाही, उलट बऱ्याच कॅमेऱ्यांत, जुन्यांत तर जास्तच, अंधारी फाईल नंतर उचलली की कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्सचा स्वतःचा नॉइजही सोबत वर येतो आणि पट्टे दिसायला लागतात.

निळे-जांभळेच डाग का, तेही सांगते. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड टिपणाऱ्या चिपवर, रंगाच्या फिल्टरची जाळी असते, कोडॅकच्या ब्राइस बायर यांचं पेटंट आहे ते, १९७६ चं, आजही बहुतेक कॅमेऱ्यांत हीच रचना आहे. त्यात निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल आणि पाव निळे. दिवटीच्या उजेडात लाल-पिवळं भरपूर आणि निळं जवळजवळ नाहीच, त्यामुळे निळ्या पिक्सेलना अगदी थोडा प्रकाश मिळतो. मग तुम्ही व्हाइट बॅलन्स करून पिवळेपणा काढता तेव्हा सॉफ्टवेअर निळ्या चॅनलला, म्हणजे निळ्या पिक्सेलच्या नोंदीला, कित्येक पट वाढवतं, सोबत त्याचा नॉइजही वाढवतं, आणि त्यावर तुमचे तीन स्टॉप म्हणजे आणखी ८ पट. डाग येणार नाहीत तर काय होईल! दिवट्यांच्या फोटोत थोडा पिवळेपणा राहू द्या, तो त्या रात्रीचा खरा रंग आहे आणि ठिपकेही त्याने कमी होतात.

पुढच्या वर्षी क्रम असा ठेवा. आधी अॅपर्चर उघडा, मग माणसं हलणार नाहीत इतपत शटर हळू करा, आणि मग फोटो नीट उजळ यायला जो आयएसओ लागेल तो लागू द्या, ६४०० तर ६४००. फक्त दिवटीची ज्योत आणि पालखीवरची चांदी पूर्ण पांढरी पडत नाही ना एवढं बघा. आणि मागच्या स्क्रीनवर विसंबू नका, अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना स्क्रीन झगझगीत वाटते, फोटो उजळ आलाय असं वाटतं आणि घरी उघडल्यावर काळा निघतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत अंधार-उजेड किती ते दाखवणारा आलेख, बघा.

आत्ताच्या फायलींसाठी उजळवणं दीड-दोन स्टॉपवर आणा, अगदी काळे कोपरे काळेच राहू द्या, मग कलर ४० च्या आसपास आणि स्मूदनेस वर. तरी पट्टे राहिले तर आपणच सगळं ओढत बसू नका, एक रॉ फाईल जाणकाराला दाखवा.

प्रश्न (पुणे) : इन्स्टावर नॉइज रिमूव्हर प्रीसेटचा पॅक विकतायत, एका क्लिकमध्ये नॉइज गायब म्हणे. घेऊ का? की एआयवालं घेऊ?

उत्तर : प्रीसेट अजिबात नको. प्रीसेट म्हणजे तुमच्याच सॉफ्टवेअरमधल्या स्लायडरचे आकडे, ते तुमच्याकडे आधीच फुकट आहेत, आणि जाहिरातीत 'आधी-नंतर' दाखवतात तिथला 'आधी'चा फोटो बऱ्याचदा २५ चं सेटिंग मुद्दाम ० करून दाखवलेला असतो.

एआयचं वेगळं. लाइटरूममध्ये ते २०२३ मध्ये आलं, डीएक्सओ या कंपनीचं डीपप्राइम त्याच्याही आधीपासून, २०२० पासून आहे, आणि रॉ फाईलवर दोन्ही खरंच चांगलं काम करतात. पण लॅपटॉपला बरं ग्राफिक्स कार्ड नसेल तर एकेका फोटोला कित्येक मिनिटं जातात, आणि जोर जास्त दिला की मागच्या रांगेतले छोटे चेहरे मेणाचे दिसतात, फलकावरच्या देवनागरी अक्षरांच्या रेघोट्या होतात. मात्रा अर्ध्यावर ठेवून बघा. आणि पैसे भरायच्या आधी ट्रायल घेऊन स्वतःच्या सगळ्यात वाईट फाईलवर चालवा, त्यांच्या नमुन्याच्या फोटोवर नाही. कोणीतरी क्रॅक दिलाय म्हणून तो टाकू नका, लग्नाचा डेटा असलेल्या मशीनवर तर मुळीच नको.

प्रश्न (अहिल्यानगर) : दीड वर्षापूर्वीच्या लग्नातला आजीचा शेवटचा चांगला फोटो आहे, व्हॉट्सअॅपवर आलेला. ठिपके खूप आहेत, फ्रेम करायचीय. साफ होईल का?

उत्तर : थोडाफार होईल, पण आधी फोटोग्राफरला आजच फोन करा. दीड वर्ष थांबायला नको होतं, बरेच जण अल्बम दिल्यावर काही महिन्यांनी रॉ उडवतात, हार्ड डिस्क शेवटी किती घेणार. मूळ फाईल मिळाली तर काम अर्धं सोपं. व्हॉट्सअॅप फोटो छोटा करतं आणि दाबतं, आणि जेपेगमध्ये रंगाचा तपशील आधीच बराच कमी केलेला असतो, त्यामुळे ठिपक्यांचे चौकोनी ठोकळे होतात आणि ते साध्या स्लायडरने नीट जात नाहीत.

मूळ नाहीच मिळाली तर फोटोशॉपमध्ये लेयरची कॉपी करा, वरच्या कॉपीला गॉसियन ब्लर द्या, ठिपके एकमेकांत मिसळेपर्यंतच, आणि त्या लेयरचा ब्लेंड मोड कलर करा. मग खालचा तपशील तसाच राहतो, फक्त रंग मऊ होतो. ओठ, कुंकू, साडीचा काठ यांवरून मास्कने ते पुसून घ्या. चेहरा 'सुधारून' देणाऱ्या फुकट अॅपमध्ये आजीचा फोटो टाकू नका, ते चेहरा साफ करत नाहीत, दुसराच बनवतात. एकच फोटो आहे, तर मूळ कॉपी बाजूला जपून ठेवा आणि जुने फोटो दुरुस्त करणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या.

प्रश्न (मुंबई) : ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर निळे एलईडी होते. गायिकेचा चेहरा निळा आणि दाणेदार आलाय, कलर १०० केला तरी जात नाही.

उत्तर : जाणारच नाही, कारण हा सगळा नॉइज नाही. शुद्ध निळ्या उजेडात निळे पिक्सेल भरून वाहतात आणि लाल पिक्सेलना जवळजवळ काहीच मिळत नाही, म्हणून गालावर सपाट निळा पट्टा येतो. तिथे तपशील नोंदलेलाच नाही. तुम्ही कातडीचा रंग आणायला लाल वाढवता तेव्हा रिकाम्या चॅनलचा नॉइज तेवढा वर येतो. निळं निळंच राहू द्या नाहीतर ब्लॅक अँड व्हाइट करा, आणि त्यात हिरव्या चॅनलचा वाटा जास्त घ्या. पुढच्या कार्यक्रमात लाइटवाल्याशी आधी बोला, चेहऱ्यावर थोडा पांढरा लाइट मागा, ते देतात.

प्रश्न (रत्नागिरी) : प्रत्येक फोटोत एकाच जागी एक लाल ठिपका येतो. नॉइज रिडक्शनने जाईल?

उत्तर : तो हॉट पिक्सेल आहे, म्हणजे सेन्सरवरचा बिघडून सतत पेटलेला पिक्सेल, नॉइज नाही. हील ब्रशने (सॉफ्टवेअरमधलं डाग पुसायचं साधन) काढा, आणि वॉरंटी असेल तर ती संपायच्या आत कॅमेरा सर्व्हिस सेंटरला दाखवा.

प्रश्न (लातूर) : कॉलेजला आहे, लाइटरूमचे पैसे परवडत नाहीत. फुकटात काय?

उत्तर : डार्कटेबल किंवा रॉथेरपी, दोन्ही फुकट आणि दोन्ही दमदार. डार्कटेबलमध्ये डिनॉइज प्रोफाइल्ड हे मोड्यूल घ्या, ते तुमच्या कॅमेऱ्याचं मॉडेल आणि आयएसओ ओळखून सुरुवातीची मात्रा स्वतःच ठरवतं, आणि तुमचा कॅमेरा त्यांच्या यादीत आहे का ते आधी तपासा. शिकायला वेळ लागेल, पण एखाद्या जाणत्याबरोबर एक संध्याकाळ बसलात तर बराच वाचेल.

प्रश्न (कोल्हापूर) : स्क्रीनवर १०० टक्के झूम केलं की थोडे ठिपके दिसतातच. ग्राहकाला फोटो द्यायचे की नाही? भीती वाटते.

उत्तर : २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ६००० बाय ४००० पिक्सेल. ६ बाय ४ इंचाच्या प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) १८०० बाय १२०० लागतात, म्हणजे छोटा करताना ११ पिक्सेलचा मिळून १ होतो आणि बारीक ठिपके त्यातच विरून जातात. मोबाइलवर बघणाऱ्याला तर दिसणारच नाहीत. मोठे डाग मात्र छोटं करूनही राहतात, तेवढेच काढा. अल्बमचं मोठं पान असेल तर लॅबवाल्याला विचारा, त्यांचा कागद आणि मशीन बघा, सगळ्यात अंधाऱ्या फोटोची एक टेस्ट प्रिंट मागवा आणि ती हातात आल्यावरच पूर्ण ऑर्डर द्या.