बीपीवर विसंबू नको, नाडी धर

पोरी, उपकेंद्रावर नवीन आहेस, तर आधी एवढंच शिक. रक्त गेलं की शरीर नाडी वाढवतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतं. म्हणून बीपी बराच वेळ बरा दिसतो आणि नवीन सिस्टर तिथंच फसते. धडधाकट बाईचं 30 टक्के रक्त जाईस्तोवरही वरचा बीपी टिकू शकतो.

- नाडी पूर्ण मिनिटभर मोज.
- तिला वरच्या बीपीनं भाग. नाडी 110, बीपी 100, म्हणजे 1.1. बाळंतिणीत 0.9 च्या वर गेलं की 108 बोलाव.
- दर 15 मिनिटांनी लिही. एकटा आकडा सगळं सांगत नाही.

मेळघाटातल्या कितीतरी बायांचं रक्त आधीच कमी, त्यांना थोडा रक्तस्रावही झेपत नाही. नख दाबून सोडल्यावर रंग किती वेळात परततो ते पाहणं थंडीत फसवतं, ते नंतर शिकवीन.