डीओ प्रोब टाकून देण्याआधी

प्रश्न : पालघर जिल्ह्यात आमची कोळंबीची तळी आहेत. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन (डीओ) मोजायचा मीटर गॅल्व्हॅनिक प्रकारचा, म्हणजे ज्याचा प्रोब (पाण्यात बुडवायचं टोक) स्वतःच सिग्नलची वीज तयार करतो, वापरून दीड वर्ष झालं. हवेतलं कॅलिब्रेशन नीट होतं, पण पहाटे तळ्यात आकडा स्थिरावायला पाच-सहा मिनिटं लागतात. कधी 3 मिग्रॅ/लिटर दाखवतो, कधी 5. नवा प्रोब घ्यावा का?

उत्तर : इतक्यात नको. मेम्ब्रेन (टोकावरचा ऑक्सिजन आत सोडणारा पातळ पडदा) आणि आतलं द्रावण या संपणाऱ्याच वस्तू आहेत, आणि बहुतेक वेळा दोष त्यांचाच असतो. कॅलिब्रेशन झालं म्हणजे प्रोब चांगला, असं मात्र समजू नका. मीटर मिळेल त्या सिग्नलला गुणून आकडा जुळवून घेतो. सिग्नल निम्मा झाला तरी तो तक्रार करत नाही.

म्हणून आधी शून्य तपासा. 100 मिली पाण्यात 5 ग्रॅम सोडियम सल्फाइट ताजं विरघळवा, ते पाण्यातला ऑक्सिजन संपवतं. प्रोब बुडवून दहा मिनिटं थांबा. आकडा 0.3 मिग्रॅ/लिटरच्या खाली यायला हवा. तो 1 वर अडकला, तर मेम्ब्रेनला भोक असेल, आत बुडबुडा असेल किंवा इलेक्ट्रोड मळलेला असेल. अशा प्रोबवर पाण्यात खरा ऑक्सिजन 2 असताना पावणेतीनच्या आसपास दिसतो, आणि पहाटे एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) कधी लावायचा हे याच फरकावर ठरतं.

आता दुरुस्ती. मेम्ब्रेन बसवलेली कॅप काढून जुनं द्रावण बाटलीत जमा करा. त्यात ॲनोडचं शिसं उतरलेलं असतं, ते तळ्यात किंवा गटारात ओतू नका. चांदीच्या कॅथोडवर (ऑक्सिजन जिथे वापरला जातो त्या इलेक्ट्रोडवर) काळपट थर असेल तर 1000 नंबरचा ओला वॉटर पेपर दोन-तीनदा हलक्या हाताने फिरवा. सुका घासला तर शिशाची धूळ उडते. मग डिस्टिल्ड वॉटरने धुवा. कंपनीचं द्रावण नसेल आणि तुमच्या प्रोबच्या पुस्तिकेत 0.5 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड लिहिलं असेल, तरच 100 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये 2 ग्रॅम शुद्ध कॉस्टिक सोडा घाला. हातमोजे आणि चष्मा हवाच.

नव्या कॅपमध्ये दोन-तृतीयांश द्रावण भरा, टिचकी मारून बुडबुडे वर आणा आणि प्रोब उभा धरून कॅप सावकाश फिरवा. कडेने थोडं द्रावण बाहेर आलं पाहिजे. नाही आलं तर आत हवा राहिली आहे. मेम्ब्रेनला बोट लावू नका. रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी कॅलिब्रेट करा.

3 आणि 5 मधल्या उड्यांचं कारण बहुधा वेगळं आहे. हा प्रोब मोजताना स्वतःच ऑक्सिजन खातो. स्थिर पाण्यात मेम्ब्रेनजवळचा ऑक्सिजन संपतो आणि आकडा घसरतो. वाचताना प्रोब संथपणे हलवत राहा. मीटरवर क्षारतेची सेटिंगही बघा. 30 अंशांना गोड्या पाण्यात संपृक्तता (पाण्यात मावणारा ऑक्सिजन) सुमारे 7.6 मिग्रॅ/लिटर असते, 20 पीपीटी (लिटरमागे सुमारे 20 ग्रॅम मीठ) क्षारतेला पावणेसातच. सेटिंग शून्यावर राहिली तर आकडा बाराएक टक्के जास्त दिसतो.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेतला पोटॅशियम क्लोराइड द्रावणाचा जुना पोलॅरोग्राफिक प्रोब (ज्याला मीटरकडून व्होल्टेज द्यावं लागतं) कॅप बदलूनही संथच आहे. चांदीच्या भागावर राखाडी थर आहे.

उत्तर : तो सिल्व्हर क्लोराइडचा थर आहे. या प्रोबमध्ये चांदी हा ॲनोड, म्हणून तो साचणारच. अति जाड झाला की काम अडतं. कॅप काढून टोक 3 टक्के अमोनियात रात्रभर ठेवा, हवा खेळती असू द्या, नंतर भरपूर पाण्याने धुवा. सोन्याच्या कॅथोडवर चांदी चढलेली दिसली तर 400 नंबरचा ओला पेपर दोन-तीनदा फिरवा. सोनं आरशासारखं चकचकीत करायचं नाही, किंचित खरखरीतच बरं. मीटर चालू करून 15 मिनिटं थांबल्याशिवाय कॅलिब्रेट करू नका. सांडपाण्याच्या नमुन्यातला हायड्रोजन सल्फाइड मेम्ब्रेनमधून आत शिरून चांदी काळी करतो, तेव्हा असे नमुने मोजले की प्रोब लगेच धुऊन काढा.

प्रश्न : ऑप्टिकल सेन्सर (प्रकाशाने चमकणाऱ्या थरावरून ऑक्सिजन मोजणारा) घेतला तर ही कटकट संपेल?

उत्तर : द्रावण आणि हलवत राहणं, दोन्ही संपेल. शेवाळ पुसणं राहीलच. त्यासाठी ओलं मऊ कापड वापरा, स्पिरिट किंवा ॲसिटोन नको, त्यांनी चमकणारा थर खराब होतो. कॅप ठरलेल्या मुदतीत बदलावीच लागते, आणि ती स्वस्त नसते.