वाचकांचे प्रश्न : वादळाच्या कडेने उडताना रेडिओवर काय बोलावं?

प्रश्न : इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं (बाहेरचं दिसत नसताना फक्त उपकरणांवर उडण्याच्या परवानगीचं) प्रशिक्षण घेतोय. समोरचं वादळ कंट्रोलरला (जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्याला) रडारवर दिसतंच, तर तो वळवेल म्हणून थांबायचं की आपण विचारायचं?

आपणच विचारायचं, तेही लवकर. विमानांमध्ये अंतर राखणं हे कंट्रोलरचं पहिलं काम. हवामानाची माहिती तो हातातलं काम सांभाळून देतो. शिवाय त्याच्या पडद्यावर दिसला तर पाऊस दिसतो; ढग दिसत नाहीत आणि ढगातली उसळती हवा तर नाहीच. तो काही बोलला नाही म्हणजे पुढे मोकळं आहे, असं धरून चालू नका.

२००६ साली अमेरिकेत जॉर्जिया राज्यात स्कॉट क्रॉसफील्ड यांचं सेसना २१० वादळात सापडून कोसळलं. १९५३ मध्ये ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणारा हा पहिला माणूस, म्हणजे अनुभव कमी पडला असं म्हणायला जागाच नाही. त्यांनी दक्षिणेकडे वळू देण्याची विनंती केली होती, पण तोवर उशीर झाला होता. तपासात दोन कारणं नोंदवली गेली : वैमानिकाने वाटेत हवामानाची ताजी माहिती घेतली नाही आणि कंट्रोलरने वादळ टाळायला मदत केली नाही. दोघंही एकमेकांच्या भरवशावर राहिले, असा त्याचा अर्थ मी घेतो.

लवकर म्हणजे किती? १२० नॉटने तुम्ही मिनिटाला दोन समुद्री मैल कापता. जोरदार वादळापासून किमान २० मैल लांब राहायचं असतं. ६० मैलांवरून वळलात तर साधारण २० अंश पुरतात. ३० मैलांवर जाग आली तर ४० लागतात. एवढं मोठं वळण द्यायला कंट्रोलरला शेजारच्या सेक्टरशी (लगतचा हवाई भाग सांभाळणाऱ्या कंट्रोलरशी) बोलावं लागू शकतं, आणि तेवढ्यात तुमचे आणखी चार-सहा मैल गेलेले असतात.

विनंतीत बाजू, अंश, अंतर आणि कारण हे चारही हवेत : ‘रिक्वेस्ट ट्वेंटी डिग्रीज राइट, फॉर थर्टी माइल्स, ड्यू वेदर.’ नुसतं ‘समोर जरा खराब दिसतंय’ म्हटलंत तर तो पुढचा प्रश्न विचारणार आणि एक फेरी वाया जाणार. दिलेलं हेडिंगच (उडायची दिशा) ढगात नेत असेल तर ‘अनेबल, ड्यू वेदर’ (हवामानामुळे जमणार नाही) म्हणा आणि कोणतं हेडिंग चालेल तेही त्याच दमात सांगा.

एक सावधगिरी. टॅब्लेटवर येणारं रडारचं चित्र शिळं असतं. त्यावर ‘५ मिनिटांपूर्वी’ असं दिसलं तरी आतली निरीक्षणं त्याहून १५-२० मिनिटं जुनी असू शकतात. दोन ढगांमधली फट अशा चित्रावरून शोधू नये.

प्रश्न : पावसात हेडसेटमध्ये इतकी खरखर येते की अर्धे शब्द कळत नाहीत. रेडिओ बिघडलाय का?

बहुधा नाही. विमानाचा व्हीएचएफ रेडिओ एएम पद्धतीचा (लहरीच्या जोरातल्या चढउतारातून आवाज पोचवणारा) असतो, त्यामुळे विजेचा प्रत्येक कडाका ‘कट्ट’ करून ऐकू येतो. सलग सूं-सूं मात्र वेगळी. पावसाचे थेंब आणि बर्फाचे कण घासून विमानावर विद्युतभार साचतो आणि तो अँटेनाच्या आसपासून निसटताना आवाज करतो. हा भार गुपचूप वाहून जावा म्हणून काही विमानांच्या पंखांच्या मागच्या कडेला बारीक दांड्या लावलेल्या असतात, त्यांना स्टॅटिक विक म्हणतात. उड्डाणापूर्वीच्या फेरीत त्या मोजा. तुटलेली दांडी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. हवेत असताना वेग थोडा कमी केला तर सूं-सूं बरीचशी उतरते.

आवाज क्षीण असेल तर स्क्वेल्च (खरखरीसोबत क्षीण आवाजही दाबून टाकणारी सोय) हाताने उघडा. खरखर वाढेल, पण शब्द निसटणार नाहीत. आणि अंदाजाने रीडबॅक देऊ नका, म्हणजे नीट न ऐकलेली सूचना परत म्हणून दाखवू नका. ‘सेव्हन’ की ‘इलेव्हन’ अशी शंका आली तर ‘से अगेन अल्टिट्यूड’ म्हणून तेवढाच भाग परत मागा.

प्रश्न : जोराचे हादरे बसतायत आणि नेमका तेव्हाच कंट्रोलर बोलावतोय. आधी काय?

आधी विमान. पंख समतल, नाक स्थिर, वेग मॅन्युव्हरिंग स्पीडच्या (ज्याच्या पुढे हादऱ्यांनी विमानाला इजा होऊ शकते त्या वेगाच्या) आत. हा वेग वजनाबरोबर उतरतो, हे घाईत विसरलं जातं : सेसना १७२एस साठी २,५५० पाउंडांना तो १०५ नॉट आहे, १,९०० पाउंडांना ९०. उंचीमागे धावू नका आणि ऑटोपायलटचा अल्टिट्यूड होल्ड (उंची धरून ठेवणारी सोय) काढा, नाहीतर तो वर-खाली जाणाऱ्या हवेशी झगडत बसतो. वादळाच्या आत शिरलाच असाल तर मागे वळू नका. वळताना पंखांवरचा ताण आणखी वाढतो.

कंट्रोलरला तोवर ‘स्टँडबाय’ हा एक शब्द पुरे. हात मोकळा झाला की उंचीचा पट्टा मागा : ‘रिक्वेस्ट ब्लॉक फाइव्ह थाउजंड टू सेव्हन थाउजंड.’ उंची टिकतच नसेल तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे वरची-खालची विमानं तो हलवेल.

प्रश्न : रेडिओ एकदम गप्प झाला तर?

लगेच ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर) ७६०० हा रेडिओ बंद पडल्याचा संकेत लावू नका. आधी आवाजाचं बटण, ऑडिओ पॅनेल, हेडसेटचा जॅक आणि अडकलेलं पीटीटी (बोलताना दाबायचं) बटण बघा. हादऱ्यांत जॅक अर्धवट निसटतो. मग आधीची फ्रिक्वेन्सी, मग १२१.५ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी. तिथेही उत्तर नसेल तर ट्रान्सपॉन्डरवर ७६००.

प्रश्न : माझ्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग नाही. चुकून ढगात शिरलो आणि ते रेडिओवर सांगितलं तर कारवाई होईल ना?

त्याचा विचार जमिनीवर उतरल्यावर करा. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली अशा २० वैमानिकांची चाचणी घेतली होती. उपकरणांवर उडण्याची सवय नसलेल्या या सगळ्यांच्या हातून विमान सुटलं. सरासरी वेळ १७८ सेकंद. म्हणून ‘पॅन-पॅन’ (तातडीची हाक) तीनदा, मग तुमचं कॉलसाइन (रेडिओवरचं विमानाचं नाव), ‘ढगात आहे, रेटिंग नाही’, उंची, हेडिंग, किती तासांचं इंधन, विमानात किती जण. ताबा सुटतोय असं वाटलं तर थेट ‘मेडे’, म्हणजे जिवावरच्या संकटाची हाक.

कंट्रोलर दुसरी फ्रिक्वेन्सी देऊ लागला तर याच फ्रिक्वेन्सीवर ठेवा म्हणून सांगा. रेडिओची खुंटी फिरवायला मान वाकवली की कानातला तोल बिघडतो, आणि मान वर करेपर्यंत विमान एका अंगावर कललेलं असतं.