बाबांचा लॅपटॉप लॉक आहे, फॉरमॅट मारू का?

प्रश्न : ताई नमस्कार. माझे वडील मार्चमध्ये गेले. झेडपीच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झाले होते आणि नंतर रोज सकाळी लॅपटॉपवर गावाच्या जुन्या आठवणी टाइप करत बसायचे. शेताचे स्कॅन केलेले कागद आणि आईचे जुने फोटोपण त्यातच आहेत. विंडोज १० आहे, पासवर्ड घरात कोणालाच माहीत नाही. जन्मतारखा, गाडीचा नंबर सगळं टाकून बघितलं, आता तर स्क्रीनवर ए१बी२सी३ टाइप करा असं येतंय, हा व्हायरस आहे का? दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारून देतो, तासाभरात चालू होईल. देऊ का त्याच्याकडे? – एक वाचक, तासगाव

उत्तर : भाऊ, आधी फॉरमॅटचं थांबवा, दुकानात दिला असेल तर आजच परत आणा. फॉरमॅट मारला की लॅपटॉप चालू होईल हे खरं आहे, पण तुम्हाला लॅपटॉप नकोय, बाबांनी लिहिलेलं हवंय, आणि तेच जाईल. त्यात एसएसडी (नव्या लॅपटॉपमधली वेगवान डिस्क) असेल तर पुसलेल्या जागा ती स्वतःच रिकाम्या करून टाकते, मग रिकव्हरीवाल्याला कितीही पैसे दिले तरी बहुतेक वेळा हाताला काही लागत नाही.

ए१बी२सी३ हा व्हायरस नाही. पिन चार-पाच वेळा चुकला की विंडोजच ते टाइप करायला लावतं, बटणं चुकून दाबली जात नाहीयेत ना हे बघायला. ते टाइप करा, परत पिनची चौकट येईल. म्हणजे बाबांनी पिन लावलेला होता, आणि पिन आणि पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौकटीखाली 'साइन-इन ऑप्शन्स' दिसेल, तिथून पासवर्डचा पर्याय निवडा. आता बाबा मराठी टाइप करायचे म्हणताय म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. खाली उजव्या कोपऱ्यात भाषेची खूण असते, तिथे मराठी कीबोर्ड असेल तर बरोबर पासवर्डसुद्धा चुकीचा ठरतो. विंडोजचं बटण दाबून स्पेसबार मारला की भाषा बदलते. चौकटीतल्या डोळ्याच्या खुणेवर क्लिक केलं की तुम्ही काय टाइप केलंय ते दिसतं. नम लॉक (उजवीकडची आकड्यांची बटणं चालू-बंद करणारं बटण) बंद असतो ते लक्षात न आल्यानेही खूप लोक अडकतात. आणि बाबांची डायरी, पासबुकाची मागची पानं, फोन नंबरांची वही हे सगळं बघा, त्या पिढीतली माणसं कुठेतरी लिहून ठेवतातच.

तरी जमलं नाही तर बाबांचा मोबाइल कुठाय? त्यांचं सिम बंद करू नका, रिचार्ज चालू ठेवा, आणि पुढे नंबर रीतसर वारसाच्या नावावर करून घ्या. लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटला जोडलेला असेल (नावाखाली बहुतेक ईमेल दिसतो, बऱ्याच जणांचा तो जीमेलचाच असतो) तर लॅपटॉप वायफायला जोडून 'पिन विसरलो' किंवा 'पासवर्ड विसरलो' वर जा, कोड त्या मोबाइलवर किंवा ईमेलवर येईल, नवा पासवर्ड लावा, विषय संपला. असं अकाउंट असेल तर काहीही न तोडता उघडायचा हाच सरळ रस्ता आहे आणि तो बहुतेक वेळा सिमवर अवलंबून असतो. माणूस गेल्यावर पहिल्या महिन्यात घरचे सिम बंद करतात आणि मग बँकेपासून फोटोंपर्यंत सगळंच अडतं, म्हणून इतकं जोर देऊन सांगतेय. कोड येण्याचा नंबर आणि ईमेल दोन्ही हातातून गेले असतील तर मायक्रोसॉफ्टचा अकाउंट रिकव्हरीचा फॉर्म भरावा लागतो, आणि त्यातूनही अकाउंट मिळेलच याची खात्री नसते.

अकाउंट लोकल असेल, म्हणजे फक्त त्या लॅपटॉपपुरतं, तर चुकीचा पासवर्ड टाकल्यावर खाली 'रीसेट पासवर्ड' येतं आणि तीन प्रश्न विचारले जातात, पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव वगैरे. ही सोय २०१८ च्या अपडेटपासून आली आहे. उत्तरं आई देऊ शकेल, तिला शेजारी घेऊन बसा.

यातलं काहीच चाललं नाही तर पासवर्डच्या मागे लागूच नका, फाइली बाहेर काढा. लॉगिनचा पासवर्ड विंडोज विचारतं. विंडोज सुरूच केलं नाही आणि लॅपटॉप पेनड्राइव्हवरच्या दुसऱ्या सिस्टीमवर चालवला तर तो पासवर्ड विचारायला कोणी नसतंच. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटू (विंडोजसारखीच एक सिस्टीम) फुकट डाउनलोड करा, रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवा (८ जीबीचा चालेल, त्यातलं आधीचं सगळं पुसलं जाईल), पेनड्राइव्ह बाबांच्या लॅपटॉपला लावा आणि चालू करताना बूट मेनूचं (लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते निवडायच्या यादीचं) बटण दाबत रहा. डेल आणि लेनोवोला साधारण एफ१२, एचपीला एफ९. मग 'ट्राय उबुंटू' निवडा, 'इन्स्टॉल' वर चुकूनही जाऊ नका, त्याने डिस्क पुसली जाऊ शकते. डेस्कटॉप आला की फाइल्स उघडा, डाव्या बाजूला विंडोजची डिस्क दिसेल, त्यात यूजर्स, त्यात बाबांच्या नावाचं फोल्डर. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा, डी ड्राइव्ह असेल तर तोही. डिस्क 'रीड-ओन्ली' आहे असं म्हणालं तरी घाबरू नका, विंडोज पूर्ण बंद झालेलं नसलं की तसं होतं, कॉपी करायला अडचण नाही.

आता तुमच्या केसमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हेडमास्तर मराठी टाइप करायचे म्हणजे बहुधा श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या जुन्या प्रोग्रामवर. त्या फाइली तुमच्या कॉम्प्युटरवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता गोंधळ दिसेल आणि तुम्हाला वाटेल फाइल खराब झाली. खराब झालेली नसते, तो फाँट तुमच्याकडे नसतो. म्हणून विंडोज फोल्डरमधलं फाँट्स हे फोल्डर आख्खं कॉपी करून घ्या, त्यात श्री-देव किंवा डीव्हीबी-टीटी अशा नावांचे फाँट असतील. ते आपल्या कॉम्प्युटरवर टाकले की बाबांचं लिखाण जसंच्या तसं दिसेल. नंतर ते युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर दिसणाऱ्या मराठीत) बदलून घ्या, कन्व्हर्टर मिळतात, फक्त जोडाक्षरं आणि रफार एकदा नजरेखालून घाला.

उबुंटूमध्ये डिस्कवर क्लिक केल्यावर ती पासवर्ड मागायला लागली तर मात्र ती एन्क्रिप्ट केलेली आहे, म्हणजे विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने आख्खी डिस्कच कुलूपबंद केलेली आहे. त्याला ४८ आकडी रिकव्हरी की लागते आणि तिच्याशिवाय दुकानवाला, मी किंवा मायक्रोसॉफ्ट कोणीच ती डिस्क उघडू शकत नाही, उघडून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. ती की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये आपोआप साठवलेली असते, मोबाइलवरून बाबांच्या अकाउंटला लॉगिन करून डिव्हायसेसमध्ये बघा. नाहीतर जुन्या पेनड्राइव्हवर 'बिटलॉकर रिकव्हरी की' नावाची टेक्स्ट फाइल किंवा कागदावर प्रिंट शोधा. तोपर्यंत बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन काही बदलू नका, टीपीएम (कुलपाची की सांभाळणारी चिप) क्लिअर तर अजिबात करू नका.

पासवर्ड उडवून देणारी टूल्स नेटवर मिळतात. लोकल अकाउंटला ती चालतात, पण बाहेरून पासवर्ड उडवला की ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही हातचे जातात, म्हणून तो मार्ग मी आधी फाइली कॉपी झाल्याशिवाय कोणालाच सांगत नाही. आणि हे सगळं करायच्या आधी आईला, भावंडांना विचारा, कागद शेताचे आहेत, सगळ्यांसमोर उघडलेलं बरं.

प्रश्न : नवऱ्याने लॅपटॉपचा पासवर्ड बदललाय, विचारलं तर चिडतो. त्याला न कळता उघडता येईल का? – नाव नको, ठाणे

उत्तर : ताई, हे मी सांगणार नाही. मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटर उघडणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये बसतं, आणि वाईट हेतूने केलं असं ठरलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उद्या खरंच कोर्टात जायची वेळ आली तर हेच तुमच्यावर उलटेल. पैशांची फसवणूक किंवा त्रास होतोय असं वाटत असेल तर आधी वकिलाला भेटा, आणि घरात धाक किंवा मारहाण असेल तर १८१ ला फोन करा, महिलांसाठीचीच हेल्पलाइन आहे. तुमचे स्वतःचे पासवर्ड मात्र आजच बदला, ईमेलचा सगळ्यात आधी.

प्रश्न : मी ७२ वर्षांची आहे, एकटी राहते, एक मुलगा पुण्यात आणि मुलगी अमेरिकेत. माझ्यानंतर मुलांना फोटो आणि कागद मिळावेत म्हणून आत्ताच काय करून ठेवू? – एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, हा प्रश्न फार लोकांनी वेळेवर विचारायला हवा, तुम्ही विचारलात म्हणून बरं वाटलं. गुगलच्या अकाउंटमध्ये 'इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय २०१३ पासून आहे. तुम्ही ३, ६, १२ किंवा १८ महिने अकाउंट वापरलं नाही तर कोणाला कळवायचं आणि काय काय द्यायचं ते तुम्हीच ठरवता, मुलगा आणि मुलगी दोघांचीही नावं टाका. हे करून ठेवाच, कारण २ वर्षं न वापरलेलं अकाउंट गुगल फोटोंसकट काढून टाकू शकतं. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये 'लेगसी काँटॅक्ट' (तुमच्यानंतर तुमचं अकाउंट कोणाला उघडता येईल ते ठरवायची सोय) आहे, त्यात मुलांची नावं घाला, तिथे तयार होणारी 'अॅक्सेस की' त्यांना पाठवा किंवा प्रिंट काढून ठेवा, पुढे त्यांना ती आणि मृत्यूचा दाखला दोन्ही लागतील.

लॅपटॉपचा पासवर्ड आणि बिटलॉकरची की कागदावर लिहून पाकिटात घाला आणि पाकीट मृत्युपत्राच्या किंवा एफडीच्या कागदांबरोबर ठेवा, व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. बँकेचा पिन त्यात लिहू नका, त्यासाठी बँकेत नॉमिनी आहे, ते नाव बरोबर आहे ना एवढं पुढच्या वेळी पासबुक भरायला जाल तेव्हा विचारून घ्या. पासवर्ड बदललात की त्याच दिवशी पाकिटातला कागदही बदला, आणि पाकीट कुठे आहे ते दोन्ही मुलांना सांगून ठेवा.